पुढच्या बोटीने

एक्याऐंशी दिवे लावायचे म्हटलं की धूर आला, आणि धूर आला की जर्मन घर बोंब मारणारच. म्हणून श्रीरंग सकाळी नऊपासून स्टुलावर चढून छताला चिकटवलेले राउखमेल्डर, धूर हुंगणारे भोंगे, उतरवत होता. बैठकीतला उतरला, पॅसेजमधला उतरला, मुलीच्या, तनयाच्या खोलीतला काही केल्या उतरेना. शेवटी त्याने त्यावर आपली जुनी माकडटोपी चढवली आणि वर चिकटपट्टी लावली. ज्या माणसाने एका पुरवठादार कंपनीत सव्वीस वर्षं गाड्यांना सेन्सर बसवले, त्याला आपल्या घरातला एक सेन्सर बंद करता येत नव्हता. सप्टेंबरात कंपनीने पुढे केलेल्या स्वखुशीच्या निवृत्तीच्या कागदावर त्याने सही केली होती, आणि तेव्हापासून तो घरातल्या अशा लहानसहान वस्तूंशी भांडत असे.

आजचा मान बाबांचा होता. दत्तात्रय राजाराम मोघे यांचं सहस्रचंद्रदर्शन. तेविसाव्या वर्षी एक पत्र्याची ट्रंक घेऊन ते वोल्फ्सबुर्गला आले, लेथवर उभे राहिले, आणि मोघ्यांचं घराणं इथे रुजलं ते तेव्हापासून. श्रीरंगची आई सुधाताई सहा वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर बाबा मुलासुनेकडे राहत होते, म्हणजे खरं तर मुलगा-सून त्यांच्या घरात राहत होती. पण हा वाद या घरात कुणी कधी काढला नव्हता.

सून विभावरी स्वयंपाकघरात मोठ्या परातीत तांदळाची रास घालून त्यावर छोट्या मेणबत्त्या मांडत होती. कणकेचे दिवे करायचा बेत पंचविसाव्या दिव्याला संपला होता. बाहेर नोव्हेंबरचं आभाळ कालव्यापर्यंत खाली उतरलं होतं आणि अकरा वाजता घरात दिवे लावावे लागले होते. तिचे हात मोजत होते, एकोणचाळीस, चाळीस, पण डोक्यात गुरुवारी आलेली मेल होती. ती मेल तिने छापून कणकेच्या डब्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती, सोबत अर्जाचा कागदही.

सेंट बेसिल हे इंग्रजांचं दक्षिण अटलांटिकमधलं एक बेट. वस्ती चार हजार दोनशे, आठवड्याला एक विमान, तेही वारा असेल तर नाही. साम्राज्य बुडालं तरी त्याचे काही ठिपके अजून पाण्यावर आहेत, आणि ठिपक्यांनाही गव्हर्नर लागतो, मुख्य सचिव लागतो, न्यायाधीश लागतो, सरकारची बाजू मांडायला ॲटर्नी जनरल लागतो. वकील काही बेटावर पिकत नाहीत. मग जाहिरात निघते, बाहेरून माणूस येतो, तीन वर्षं काढतो, निघून जातो आणि पुन्हा जाहिरात निघते. ॲटर्नी जनरलची खुर्ची गेले चौदा महिने रिकामी होती आणि विभावरीला ती देऊ केलेली होती.

पुण्यात कायदा, लंडनची बॅरिस्टरी, तिथल्या एका सरकारी कचेरीत आठ वर्षं कायद्यांचे मसुदे लिहिणं, एवढं सगळं तिने पस्तिशीच्या आत केलं होतं. मग लग्न झालं, वोल्फ्सबुर्ग आलं, आणि सतरा वर्षं ती गाड्यांच्या सुट्या भागांची करारपत्रं भाषांतरित करत होती. इथल्या कोर्टात तिची सनद चालत नव्हती. पेटीतल्या शालूसारखी ती होती, वर्षातून एकदा काढून बघायची आणि परत ठेवायची. घरात सगळ्यांनी जर्मन पासपोर्ट घेतले, हिने भारतीय ठेवला. नणंद कुंदाताई त्याला हट्ट म्हणत. जाहिरातीत राष्ट्रकुलातला पासपोर्ट चालेल अशी अट वाचली तेव्हा तो हट्ट पहिल्यांदाच कामाला आला.

घोळ झाला तो अर्जातल्या एका रकान्याने. अवलंबित व्यक्तींची नावं लिहा, असं तिथे म्हटलं होतं. आठ वर्षं जिने 'कुटुंब म्हणजे' आणि 'अवलंबित म्हणजे' असल्या व्याख्या घासूनपुसून लिहिल्या, त्याच बाईने स्वतःचा अर्ज भरताना नवऱ्याचं नाव लिहिलं, मुलीचं लिहिलं आणि पेन न उचलता तिसऱ्या ओळीत सासऱ्यांचं लिहिलं. एखाद्या इंग्रज बाईने दोन नावं लिहून कागद पाठवला असता. पण मोघ्यांच्या घरात कुठलाही फॉर्म आला की बाबांचं नाव जायचंच. नाव लिहिलं म्हणून वैद्यकीय तपासणी मागितली गेली, तपासणी झाली म्हणून हाउसआर्ट्सने, म्हणजे घरच्या डॉक्टरने, तोंड उघडलं, आणि बाबांनी दोन वर्षं मुठीत ठेवलेली गोष्ट बाहेर आली. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ संपली होती. वर्षाच्या आत डायलिसिस लागणार होतं, आणि सेंट बेसिलवर डायलिसिसचं एकही यंत्र नव्हतं.

मेलमध्ये भाषा सभ्य होती. यादीतील तिसऱ्या व्यक्तीस मंजुरी देता येत नाही. अर्जदाराने सुधारित यादी सोमवारी दुपारपर्यंत पाठवावी, अन्यथा नियुक्तीचा प्रस्ताव राखीव उमेदवाराकडे जाईल. आज रविवार होता.

"बाबांना हे असं तोंडावर सांगायची काय गरज आहे?" गुरुवारी श्रीरंग म्हणाला होता. "म्हणू, आधी आम्ही जाऊन घर लावतो. उन्हाळ्यात तुम्हाला बोलावतो. तोवर ताईकडे राहतील."

"आणि उन्हाळ्यात?"

त्यावर तो काही बोलला नव्हता, आणि तीही बोलली नव्हती. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा होता, हे दोघांनाही समजलं होतं.

हानोव्हरला गाडी चुकल्यामुळे कुंदाताई दीड तास उशिरा उगवल्या. कोलोनहून आणलेल्या पेढ्यांचा डबा त्यांनी ओट्यावर आपटला, ओला कोट तनयाच्या अंगावर टाकला आणि हात धुता धुता सुरुवात केली.

"काय गं विभा, लाटसाहेबीण व्हायचं ठरलं म्हणे तुझं?"

"अजून काही ठरलेलं नाही, ताई."

"ठरलं नाही कसं? श्री फोनवर मला बॅगांची मापं विचारत होता. अगं, आपल्या आजोबांच्या पिढीने इंग्रजाला हाकललं, आणि तू त्याचं उरलंसुरलं दुकान सांभाळायला निघालीस?"

"कोलोनी इस्ट कोलोनी, आत्या," तनया कोट अडकवता अडकवता म्हणाली, वसाहत ती वसाहतच. ती सोळा वर्षांची होती, मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र जर्मनमध्ये, आणि या विषयावर तिचं आणि आत्याचं जमायचं.

"घ्या. पोरीला कळतं ते आईला कळत नाही."

विभावरीने शेवटची मेणबत्ती रोवली. "ताई, मुलाखतीत त्यांनीच मला सांगितलं, तिथे एक बाई दोन वर्षं नवऱ्याविरुद्धच्या खटल्याची तारीख मागतेय. खटला चालवायला माणूस नाही म्हणून तो रोज तिच्या दारावरून जातो. झेंडा कुणाचा आहे ते तिने विचारलेलं नाही. तिला तारीख हवीय."

कुंदाताईंनी टॉवेल जागेवर ठेवला. हे त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी लगेच विषय बदलला. "ते असू दे. बाबांचं काय? एक्याऐंशीव्या वर्षी बापाला विमानाने कुठल्या खडकावर नेऊन टाकणार आहात?"

"जेवताना बोलू," विभावरी म्हणाली. तिने परात उचलली आणि ड्रॉवर नीट बंद आहे ना, ते गुडघ्याने चाचपून पाहिलं.

बाबा कोटटाय घालून पाटावर बसले होते, डोक्यावर काळी टोपी. वाळले होते. कोट दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मापाचा होता. आधी लेकीने ओवाळलं, मग सुनेने. एक्याऐंशी ज्योतींच्या उजेडात त्यांचा चेहरा बरा दिसला.

"हजार चंद्र पाहिले म्हणतात," ते म्हणाले, "त्यातले सहाशे तरी इथल्या ढगांनीच पाहिले. मला निरोप तेवढा मिळाला."

तेवढ्यात तनयाच्या खोलीतून माकडटोपीखालचा राउखमेल्डर किंचाळायला लागला. श्रीरंग धावला. रविवारची शांतता मोडल्याबद्दल वरच्या मजल्यावरून टाचा आपटल्याचा आवाज आला.

"वाजू दे रे," बाबा ओरडले. "जन्मात पहिल्यांदा माझ्या नावाने बँड वाजतोय."

सगळे हसले. विभावरीही हसली आणि हसता हसता तिला एकदम रडू आलं, ते तिने धुरावर ढकललं.

पानं मांडली. मसालेभात, अळूची भाजी, पुरी, आणि कुंदाताईंनी स्वतःच्या हाताने केलेली शिकरण. त्यांनी वाटी काठोकाठ भरून बाबांच्या पानात ठेवली. विभावरीने हात लांब करून ती उचलली आणि आपल्या पानाशी घेतली.

"हे काय?"

"बाबांना केळं नको, ताई."

"बाबांना केळं नको? शिकरणीशिवाय यांचा एक वाढदिवस झालेला मी पाहिला नाही. अजून बेटावर पाऊल ठेवलं नाहीस, तोच हुकूम सुरू झाले?"

"ताई, डॉक्टरांनी—"

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"कुंदे, तिच्यावर ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "माझ्या किडन्या गेल्यात."

कुंदाताईंच्या हातातला डाव तसाच राहिला. "गेल्यात म्हणजे?"

"म्हणजे पंधरा आणे गेल्यात. एक आणा शिल्लक आहे. त्यावर चाललंय."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं."

"आणि आम्हाला..." त्या भावाकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"मलाही तीन आठवड्यांपूर्वीच कळलं. त्या बेटाच्या तपासणीमुळे."

"तीन आठवडे! तीन आठवडे मी रोज फोन करतेय, आणि तू मला बॅगांची मापं विचारतोस?" कुंदाताईंचा आवाज फाटला. मग त्यांनी विभावरीकडे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात हिशेब जुळत गेलेला विभावरीला दिसला. "म्हणजे बाबांना तिथे नेता येणार नाही."

"तिथे डायलिसिस नाही," विभावरी म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला. कुणी कुठे जायचं नाही."

"असं कसं ताई?" श्रीरंग खुर्चीच्या कडेवर आला. "सतरा वर्षं ती माझ्यामागे इथे बसली. आता माझंही इथे काय उरलंय? सकाळी उठून मी काय करतो, तुला माहितीये? तळघरातले खिळे मापाप्रमाणे लावतो. बाबा काही एकटे नाहीत. तू आहेस की कोलोनला."

"मी?"

"तू. त्यांची मुलगी."

"श्री, माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. माझ्या नवऱ्याला पाठीमुळे स्वतःचे मोजे घालता येत नाहीत. आठवड्यातून तीनदा बाबांना जिन्यावरून उतरवायचं कुणी? मी नाही म्हणत नाहीये."

"नाहीच म्हणत्येस."

"मी वस्तुस्थिती सांगत्येय!"

तासाभरापूर्वी बापाला बेटावर नेणार म्हणून भांडणारी लेक आता बापाला कोलोनला आणू नये म्हणून भांडत होती. विभावरीला त्यांचा राग यायला हवा होता. पण मेल वाचल्यावर तिच्या स्वतःच्या मनात पहिला विचार आला होता तो खुर्चीचाच, बाबांच्या रक्ताचा नव्हे. ती कुठल्या तोंडाने रागावणार होती?

वाद चढत गेला. सुधाताईंच्या आजारपणात कोण किती दिवस राहिलं इथपर्यंत पोहोचला. मग श्रीरंगला एकाएकी आपण कुणासमोर बोलतोय याचं भान आलं. तो पाणी प्यायला, आणि लहान मुलाशी बोलावं तसा आवाज काढून बाबांकडे वळला.

"बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आपण असं करू. आधी आम्ही पुढे जातो, घरबीर लावतो. तोवर तुम्ही आपले ताईकडे. उन्हाळ्यात तुम्हाला बोलावून घेतो. तोपर्यंत तिथे मशीन येईलसुद्धा. आल्झो, म्हणजे सहा महिन्यांचा तर प्रश्न."

कुंदाताईंनी भावाकडे पाहिलं. भांडण कुठल्या कुठे गेलं. "हो बाबा," त्या घाईने म्हणाल्या, "उन्हाळ्यापर्यंत काय, कसंही जमवू. मग काय तुम्ही समुद्रावर हवा खायला मोकळे."

बहीणभाऊ एका बाजूला झाले होते. विभावरी मान खाली घालून बसली. हीच वेळ होती बोलायची, आणि तिने पुरीचा तुकडा मोडला.

बाबांनी चमचा ताटाच्या कडेला ठेवला.

"पुढच्या बोटीने का?"

"काय?"

"नाही, विचारतोय. उन्हाळ्यात म्हणजे पुढच्या बोटीने का?"

कुणाला काही कळलं नाही. बाबा नातीकडे वळले. "तनया, माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात निळी फाइल आहे. आण बरं."

तनया गेली. ती फाइल घेऊन आली आणि आजोबांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली.

राजाभाऊ आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, ज्यांना बाबा भाऊ म्हणत, एडनच्या कोर्टात हेडक्लार्क होते, हे मोघ्यांच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. आईवडील आणि थोरली दोन भावंडं तिकडे गेली, दत्तू शाळेसाठी दापोलीला आत्याकडे राहिला, हेही पाठ होतं. कुंदाताईंनी शाळेत त्यावर निबंध लिहिला होता.

"शाळेबिळेसाठी नाही," बाबा म्हणाले. "एकोणीसशे एकोणपन्नास साल. एडनला कोर्टात माणूस टिकायचा नाही. उन्हाने पळून जायचे. म्हणून मुंबईहून मागवला, तसे भाऊ गेले. बायको आणि तीन मुलांचं तिकीट सरकार देणार होतं. मी पाच वर्षांचा. आईने माझ्यासाठी वेगळी छोटी ट्रंक घेतली, पत्र्याची. त्यात माझे चार कपडे, भोवरा, आणि बोट लागली तर खायला आवळासुपारी. बंदरावर गेलो. तिथे आत्या आली होती. भाऊंनी मला तिच्या कडेवर दिलं आणि म्हणाले, दत्तू, तुझ्या डोळ्यांत खुपऱ्या आहेत, डॉक्टर आज सोडत नाहीत. तू पुढच्या बोटीने ये."

त्यांनी घोटभर पाणी घेतलं. आता पाणीही त्यांना मोजून प्यावं लागत होतं.

"खुपऱ्या सहा महिन्यांत बऱ्या झाल्या. दर महिन्याला पत्र यायचं, त्यात शेवटची ओळ तीच. आत्या वाचून दाखवायची. मी ट्रंक भरूनच ठेवायचो. शाळेतून आलो की आधी बघायचो, कपडे आता होतात का. व्हायचे नाहीत, मग मोठे भरायचो. चौदा वर्षांनी भाऊ परत आले तेव्हा मला मिशा होत्या."

"बाबा, हे तुम्ही कधीच..." कुंदाताई म्हणाल्या.

"ऐक. त्याचं मी मनात धरलं नाही. खुपऱ्या कुणी मुद्दाम काढत नाही. अठ्ठ्याहत्तर साली भाऊ गेले. दिवसांना मी इथून गेलो, तेव्हा त्यांच्या पेटीत हा निघाला."

फाइलमधून त्यांनी एक पिवळा कागद काढला आणि विभावरीसमोर सरकवला. इंग्रजी छापील अर्जाची प्रत होती. सोबत येणारी कुटुंबातील माणसं: पहिल्या ओळीत पत्नी, मग एक मुलगा, एक मुलगी. चौथ्या ओळीवर दौत सांडल्यासारखी काळी पट्टी. इतकी घोटलेली की कागद तिथे फाटायला आला होता.

"तारीख वाच."

"दोन मार्च."

"बोट सुटली अकराला. मुंबईच्या डॉक्टरने डोळे आधीच तपासले होते. नऊ दिवस आधी नाव खोडलं होतं, विभा. नऊ दिवस आई माझ्या ट्रंकेत कपडे भरत होती. मी रडेन म्हणून मला बंदरापर्यंत नेलं." बाबांचा आवाज पहिल्यांदा हलला. "तो कागद मी खिडकीला लावून पाहिला, भिंगाखाली धरला. खालचं एक अक्षर दिसत नाही. माझंच नाव होतं, हेसुद्धा मी छातीठोक सांगू शकत नाही."

श्रीरंगने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. विभावरीला खुर्ची मागे सारून उठून जावंसं वाटलं. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"तुझ्याकडे असाच एक कागद असेल," बाबा म्हणाले.

"आहे."

"कधी आला?"

"गुरुवारी."

"तीन दिवस." त्यांनी मान हलवली. "बरं आहे. भाऊंना नऊ लागले होते. कुठे आहे?"

"कणकेच्या डब्याखाली. बाबा, मी उद्या नाही म्हणून कळवते. त्यांच्याकडे दुसरा उमेदवार आहे."

"तुला जायचंय का, एवढंच सांग."

तिने नवऱ्याकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. तिथून सगळे जेवणाकडे वळले असते, आणि उरलेली सगळी वर्षं तिने ते बाबांच्या नावावर लिहून ठेवलं असतं.

"जायचंय," ती म्हणाली.

"मला उन्हाळ्यात नेता येईल?"

"नाही, बाबा."

"पुढच्या?"

"पुढच्याही नाही. तिथे मशीन येणार नाही. तुम्हाला कधीच नेता येणार नाही."

"विभा!" कुंदाताई ओरडल्या.

"तिला बोलू दे. या घराण्यात हे वाक्य बोलायला शहात्तर वर्षं लागली." बाबांनी तनयाच्या हातावर थोपटलं. ती रडत होती आणि "इश ब्लाइबे हिअर, इश ब्लाइबे बाय डिअर," असं काहीतरी पुटपुटत होती, मी इथेच राहते, तुझ्याजवळ. "तू अजिबात राहायचं नाहीस. मागे राहणं मला येतं, तुला नाही येत."

मग त्यांनी फाइलमधला दुसरा कागद काढला. तो नवा कोरा होता. ब्राउनश्वाइगमधलं म्हाताऱ्यांचं बेट्रॉयटेस वोनेन, स्वतःची खोली, स्वतःची किल्ली, हाकेला नर्स. डायलिसिसचं केंद्र खालच्या मजल्यावर. जानेवारीपासून खोली मिळत होती.

"वर्षापूर्वीच नाव घातलं होतं," ते म्हणाले. "एका यादीतून कमी झालं तर दुसऱ्या यादीत असावं. कुंदे, जिन्याची काळजी सोड."

कुंदाताई पदरात तोंड लपवून हुंदके द्यायला लागल्या. त्या रडण्यात दुःख किती आणि सुटका किती, ते विभावरीने मोजून पाहिलं नाही. तिला तो अधिकार नव्हता.

तिने ड्रॉवरमधून कागद आणला. परातीतल्या मेणबत्त्या एकेक करून विझायला लागल्या होत्या. ताटं बाजूला सारून तिने जागा केली. बाबांनी खिशातून पेन काढून दिलं आणि चष्मा लावला.

"माझ्यासमोर खोड."

तिने खोडलं. मनगट टेबलाला टेकवलं होतं. रेघ सरळ आली.

बाबा वाकले. "वाचता येतंय अजून."

"कायद्यात असंच खोडतात, बाबा. एकच रेघ. काय खोडलं ते मागून येणाऱ्याला वाचता यायला हवं."

"आणि?"

"आणि बाजूला खोडणाऱ्याची सही. कुणी खोडलं ते कळायला."

त्यांनी कागद उचलला, खुर्चीच्या पाठीला धरून उठले आणि खिडकीशी गेले. दुपारचे तीन वाजले होते, आणि बाहेर होता नव्हता तेवढा उजेडही चालला होता. कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी रेघेखालचं नाव मोठ्याने वाचलं, पहिल्यांदा शाळेत नाव घातलेल्या मुलासारखं, थांबत थांबत. दत्तात्रय. राजाराम. मोघे. मग परत येऊन त्यांनी तो तिच्यापुढे ठेवला.

"मग सही कर."

विभावरीने नावाच्या बाजूला आपली दोन अक्षरं लिहिली आणि खाली तारीख घातली. बाबांनी चष्मा नाकावर सरकवला, तारखेवर बोट ठेवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"आजचीच आहे," ते म्हणाले, आणि चष्मा काढून ठेवला.